जठराचा कर्करोग : मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी उदरपोकळीची दुर्बिणीतून पाहणी कशासाठी?

जठराचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढून टाकावा की नाही, याचा निर्णय केवळ जठरातील गाठीच्या आकारावरून होत नाही. रोग जठराबाहेर कुठवर पोहोचला आहे, हे त्यासाठी आधी निश्चित करावे लागते. सीटी स्कॅनवर आक्षेपार्ह काहीही दिसत नसतानाही उदरपोकळीच्या अस्तरावर मोहरीच्या दाण्याएवढ्या गाठी विखुरलेल्या असू शकतात. त्या शोधण्यासाठी पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बीण आत घातली जाते आणि रोगाचा प्रसार प्रत्यक्ष पाहिला जातो. या तपासणीला स्टेजिंग लॅपरोस्कोपी म्हणतात. ती मुख्य शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी स्वतंत्रपणे किंवा मुख्य शस्त्रक्रियेच्या आरंभीच केली जाते. तिच्या निष्कर्षावर रुग्णाचे जठर काढायचे, आधी केमोथेरपी द्यायची, की मोठी शस्त्रक्रिया टाळायची, हे ठरते.

आजाराची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगभरात जठराच्या कर्करोगाचे सुमारे 9 लाख 68 हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 6 लाख 60 हजार रुग्णांचा मृत्यू झाला. नव्या रुग्णांची संख्या आणि मृत्यू या दोन्ही बाबतींत हा कर्करोग पाचव्या क्रमांकावर आहे. जपान, कोरिया आणि चीन या पूर्व आशियाई देशांत त्याचे प्रमाण विशेष अधिक आहे. भारतात या आजाराचे वितरण असमान आहे. ईशान्येकडील राज्यांत तो अधिक आढळतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात मिझोरममधील ऐझॉल जिल्हा या कर्करोगाच्या प्रमाणात देशात आघाडीवर असल्याचे दिसून आले होते.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा दीर्घकालीन संसर्ग हे या आजाराचे सर्वांत महत्त्वाचे ज्ञात कारण मानले जाते. तंबाखूचे सेवन, खारवलेले व धुरावलेले पदार्थ आणि काही आनुवंशिक दोष यांचाही त्यात वाटा असतो. आरंभीची लक्षणे, म्हणजे अपचन, भूक मंदावणे, थोडेसे खाल्ल्यावर पोट भरल्यासारखे वाटणे, ही नेहमीच्या पित्ताच्या त्रासासारखीच असतात. त्यामुळे भारतात बहुसंख्य रुग्ण आजार बळावल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. अशा वेळी रोग जठरापुरता मर्यादित आहे किंवा नाही, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

रोग पसरण्याचे मार्ग

जठराच्या भिंतीला अनेक थर असतात. सर्वांत आत श्लेष्मल आवरण, त्याखाली त्याला आधार देणारा थर, नंतर स्नायूंचा थर आणि सर्वांत बाहेर पातळ, गुळगुळीत आवरण अशी तिची रचना असते. कर्करोग सामान्यतः आतल्या थरात सुरू होतो आणि हळूहळू बाहेरच्या दिशेने वाढतो. तो लसीकावाहिन्यांतून जवळच्या लसीकाग्रंथींत जातो, रक्तवाहिन्यांतून यकृतासारख्या अवयवांत पोहोचतो आणि थेट वाढत स्वादुपिंड किंवा मोठ्या आतड्यासही चिकटतो.

या आजाराचा चौथा मार्ग शस्त्रक्रियेच्या दृष्टीने सर्वांत अवघड असतो. कर्करोगाने जठराचे बाह्य आवरण भेदले की त्याच्या पेशी सुट्या होऊन उदरपोकळीत गळू लागतात. पोटातील द्रवाबरोबर त्या सर्वत्र फिरतात आणि उदरावरणावर, म्हणजे पोटातील अवयव व पोकळीची भिंत झाकणाऱ्या पातळ पडद्यावर रुजतात. यकृताच्या वरचा घुमटाकार पडदा, आतड्यांवरून पदरासारखी लोंबणारी चरबीयुक्त वपा आणि ओटीपोटाचा सर्वांत खोल भाग ही त्यांची नेहमीची ठिकाणे होत. स्त्रियांमध्ये बीजांडकोशावर अशा प्रकारे तयार होणाऱ्या गाठी जर्मन वैद्य फ्रीड्रिख क्रुकेनबर्ग यांच्या नावाने ओळखल्या जातात. ज्या प्रकारात पेशी एकसंध गाठ न बनवता भिंतीत विखरून पसरतात आणि संपूर्ण जठर चामड्यासारखे कडक होते, त्या प्रकारात उदरावरणावरील प्रसार विशेषत्वाने आढळतो.

स्कॅनची मर्यादा

निदानाची सुरुवात तोंडावाटे घातल्या जाणाऱ्या दुर्बिणीने होते. या तपासणीत गाठ दिसते आणि तिचा तुकडा काढून कर्करोगाची खात्री केली जाते. दुर्बिणीच्या टोकाला ध्वनिलहरींचे उपकरण जोडले असल्यास गाठ भिंतीच्या किती थरांत शिरली आहे, याचा अंदाज येतो. त्यानंतर छाती व पोटाचा सीटी स्कॅन केला जातो. यकृत, फुप्फुस आणि मोठ्या लसीकाग्रंथी यांची माहिती त्यातून मिळते.

मात्र उदरावरणावरील प्रसार दाखविण्यात सीटी स्कॅन कमी पडतो. या गाठी अनेकदा 5 मिलिमीटरपेक्षाही लहान, चपट्या आणि आजूबाजूच्या ऊतींसारख्याच घनतेच्या असतात. आतड्यांच्या वळ्यांमध्ये किंवा वपेच्या चरबीत त्या वेगळ्या उठून दिसत नाहीत. पेट स्कॅनचीही येथे फारशी मदत होत नाही, कारण जठराच्या कर्करोगाचे काही प्रकार त्यासाठी वापरली जाणारी किरणोत्सारी साखर अत्यल्प प्रमाणात शोषतात. म्हणजेच स्कॅनमध्ये प्रसार दिसला नाही, एवढ्यावरून तो झालेला नाही असे म्हणता येत नाही.

शतकाहून जुना प्रश्न

हा प्रश्न जठराच्या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे. ऑस्ट्रियातील शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्ना येथे कर्करोगग्रस्त जठराचा खालचा भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले. ही या प्रकारची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. त्यापूर्वी फ्रान्समध्ये 1879 मध्ये आणि पोलंडमध्ये 1880 मध्ये झालेल्या प्रयत्नांनंतर रुग्ण वाचू शकले नव्हते. बिलरोथ यांची 43 वर्षांची रुग्ण शस्त्रक्रियेतून बरी होऊन घरी गेली. परंतु सुमारे चार महिन्यांनी कर्करोगाच्या प्रसारामुळेच तिचा मृत्यू झाला. शस्त्रक्रियेचे तंत्र साध्य झाले होते, मात्र रोग कुठवर गेला आहे हे आधी जाणण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते.

उदरपोकळीत डोकावण्याचा पहिला नोंदलेला प्रयोग 1901 मध्ये झाला. जर्मन वैद्य गेऑर्ग केलिंग यांनी हॅम्बुर्ग येथील वैद्यकीय परिषदेत एका कुत्र्याच्या पोटात हवा भरून मूत्राशय तपासण्याच्या दुर्बिणीने आतील अवयव दाखविले. स्वीडनमधील हान्स ख्रिस्तियन याकोबेयस यांनी 1910 मध्ये स्टॉकहोम येथे मानवी रुग्णांवरील अशा तपासण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी विकसित केलेल्या काचदांड्यांच्या भिंगप्रणालीमुळे आतील दृश्य स्पष्ट व उजळ दिसू लागले आणि नंतर कॅमेऱ्यामुळे ते पडद्यावर आले.

भारतात या तंत्राचा पाया मुंबईत घातला गेला. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1972 मध्ये जे. जे. रुग्णालयात निदानासाठी लॅपरोस्कोपीचा वापर सुरू केला. खर्चिक तपासण्या उपलब्ध नसलेल्या सार्वजनिक रुग्णालयात पोट न उघडता निदान करता यावे, हा त्यामागील हेतू होता. याच रुग्णालयात त्यांनी 1990 मध्ये दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची देशातील पहिली शस्त्रक्रिया केली.

पाहणी कशी केली जाते

रुग्णाला संपूर्ण भूल दिल्यानंतर बेंबीजवळ सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घेतला जातो. त्यातून कार्बन डाय ऑक्साइड वायू भरून पोटाची भिंत वर उचलली जाते, जेणेकरून अवयवांभोवती पाहण्यास जागा मिळते. त्यानंतर कॅमेरा जोडलेली दुर्बीण आत सोडली जाते. अवयव बाजूला सारण्यासाठी आणि तुकडा घेण्यासाठी आणखी एक किंवा दोन लहान छिद्रे पाडली जातात.

पाहणीचा क्रम ठरलेला असतो. यकृताचे दोन्ही भाग, श्वासपटलाखालची जागा, पोटाच्या भिंतीचे अस्तर, वपा, लहान व मोठे आतडे, त्यांना धरून ठेवणारा पडदा आणि शेवटी ओटीपोट असे सर्व भाग एकामागून एक तपासले जातात. जठराच्या मागे असलेली पोकळी बंद खणासारखी असते. गाठ जठराच्या मागील भिंतीत असल्यास हा खण उघडून पाहणे आवश्यक ठरते. प्रसार आढळल्यास त्याची मोजदाद केली जाते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका निर्देशांकात पोटाचे 13 भाग करून प्रत्येक भागाला 0 ते 3 गुण दिले जातात; एकूण गुण 39 पर्यंत जाऊ शकतात.

उदरावरणावर दिसणारा प्रत्येक पांढरा ठिपका कर्करोगाचाच असतो असे नाही. भारतात ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण पोटाच्या क्षयरोगातही उदरावरणावर अगदी अशाच बारीक गाठी दिसतात. जुन्या शस्त्रक्रियेचे व्रण किंवा चरबीचे घट्ट झालेले कणही फसवू शकतात. म्हणून संशयास्पद जागेचा तुकडा घेऊन तो विकृतितज्ज्ञाकडे पाठविला जातो. केवळ डोळ्यांनी पाहून एखाद्या रुग्णाला शस्त्रक्रियेस अपात्र ठरविणे योग्य मानले जात नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींचा शोध

उदरपोकळी पूर्णतः स्वच्छ दिसली तरी तपासणी तेथे संपत नाही. पोटात सलाइन सोडून ते हलकेच फिरवले जाते आणि ओटीपोटाच्या व यकृताजवळच्या खोलगट भागांतून पुन्हा शोषून घेतले जाते. या द्रवातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात. त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तर पोटात एकही गाठ दिसत नसली तरी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार तो रोग चौथ्या टप्प्यातील मानला जातो. अशा रुग्णांचे जठर लगेच काढल्यास रोग उदरावरणावर पुन्हा उद्भवण्याची शक्यता फार मोठी असते. त्यामुळे त्यांना सहसा आधी केमोथेरपी दिली जाते आणि नंतर पुन्हा दुर्बिणीने पाहणी केली जाते. द्रवातील पेशी नाहीशा झालेल्या रुग्णांचे पुढील आयुर्मान, त्या तशाच राहिलेल्या रुग्णांपेक्षा चांगले असल्याचे आढळते.

निष्कर्षाने काय बदलते

या तपासणीचा प्रत्यक्ष उपयोग किती, याचे उत्तर नेदरलँड्समधील एका अभ्यासातून मिळते. तेथील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, स्थानिक पातळीवर वाढलेला पण शस्त्रक्रियेस योग्य वाटणारा जठराचा कर्करोग असलेले 394 रुग्ण होते. दुर्बीण-पाहणीत 73 रुग्णांमध्ये, म्हणजे सुमारे 19 टक्क्यांमध्ये, उदरावरणावरील प्रसार किंवा काढता न येण्याजोगी गाठ आढळली. पेट स्कॅनमध्ये दूरचा प्रसार केवळ 12 रुग्णांत, म्हणजे 3 टक्क्यांत दिसला. दुर्बीण-पाहणीनंतर पुन्हा हस्तक्षेप करावा लागेल अशी गुंतागुंत 3 रुग्णांत झाली. मृत्यू एकही झाला नाही.

प्रसार आढळल्यावरही जठर काढून टाकले तर रुग्णाचे आयुष्य वाढेल का, हा पुढचा प्रश्न होय. जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर येथील शल्यविशारदांनी केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मर्यादित पण पूर्णपणे काढता न येणारा प्रसार असलेल्या 175 रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला केवळ केमोथेरपी, तर दुसऱ्याला आधी जठराची शस्त्रक्रिया आणि नंतर केमोथेरपी देण्यात आली. दोन वर्षांनंतर केवळ केमोथेरपी घेतलेल्या गटातील 31.7 टक्के, तर शस्त्रक्रिया झालेल्या गटातील 25.1 टक्के रुग्ण हयात होते. अशा स्थितीत जठर काढल्याने लाभ होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

जठर काढण्याची शस्त्रक्रिया ही शरीरावर मोठा ताण आणणारी असते. तिच्यानंतर रुग्णाचे वजन घटते, थोडेथोडे व वारंवार खावे लागते, आणि संपूर्ण जठर काढल्यास ब-12 जीवनसत्त्व आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. केमोथेरपी सुरू होण्यासही विलंब होतो. आयुष्याचे मोजके महिने उरले असताना त्यातील काही आठवडे अशा शस्त्रक्रियेतून सावरण्यात खर्च होऊ नयेत, हा या तपासणीचा मोठा लाभ आहे.

दुर्बीण-पाहणी सर्वच रुग्णांना आवश्यक नसते. रोग जठराच्या अगदी आतल्या थरापुरता मर्यादित असेल, तर तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतूनच तो खरवडून काढता येतो. उलट, स्कॅनवरच दूरचा प्रसार स्पष्ट दिसत असेल तेव्हाही तिची गरज सहसा भासत नाही. अमेरिका व युरोपमधील मार्गदर्शक सूचनांनुसार, त्याहून खोलवर गेलेला पण शस्त्रक्रियेस योग्य वाटणारा रोग असलेल्या रुग्णांसाठी तिचा विचार केला जातो. जपानमध्ये मुख्यतः मोठी, विखरून पसरणारी गाठ किंवा मोठ्या लसीकाग्रंथी असलेल्या रुग्णांवर भर दिला जातो.

शस्त्रक्रियेदरम्यान आतून आणि बाहेरून पाहणी

उदरपोकळीत प्रसार नसल्याची खात्री झाल्यावर मुख्य शस्त्रक्रिया होते. ती दुर्बिणीद्वारे होत असेल तर शल्यविशारदाला जठर हाताने चाचपता येत नाही. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या जठरात गाठ नेमकी कुठे संपते, हे त्यामुळे कळत नाही. अशा वेळी तोंडावाटे दुसरी दुर्बीण जठरात घातली जाते. आतील दुर्बिणीचा प्रकाश भिंतीतून बाहेर दिसतो आणि छेद कुठून घ्यायचा हे ठरविता येते. काही रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या आधीच गाठीभोवती धातूच्या बारीक क्लिप किंवा शाईची खूण केली जाते. काढलेल्या भागाची कड गोठवून तत्काळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते. तिच्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्यास छेद आणखी पुढे नेला जातो.

प्रकाशमान रंगद्रव्यांचा वापर

अलीकडच्या काळात या पाहणीला चमकणाऱ्या रंगद्रव्यांची जोड मिळाली आहे. इंडोसायनिन ग्रीन हे हिरवे रंगद्रव्य अमेरिकेत 1959 पासून वैद्यकीय वापरात आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून गाठीभोवती टोचले, तर ते लसीकावाहिन्यांतून ग्रंथींपर्यंत जाते. अवरक्त किरणांच्या जवळच्या प्रकाशात पाहणाऱ्या कॅमेऱ्यात या ग्रंथी चमकताना दिसतात. चीनमध्ये झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने सरासरी 50.5, तर नेहमीच्या पद्धतीने सरासरी 42 लसीकाग्रंथी काढता आल्या. मात्र हे रंगद्रव्य ग्रंथींचा मार्ग दाखविते. चमकणारी ग्रंथी कर्करोगाने बाधित आहे की निरोगी, हे ते सांगत नाही.

दुसरी पद्धत थेट कर्करोगाच्या पेशींना लक्ष्य करते. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल हे द्रव्य शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्णाला पिण्यास दिले जाते. कर्करोगाच्या पेशींत त्याचे रूपांतर होऊन साचलेले संयुग निळ्या प्रकाशात लाल चमकते. मेंदूच्या गाठींच्या शस्त्रक्रियेत ही पद्धत रूढ झाली असून, जठराच्या कर्करोगाचा उदरावरणावरील प्रसार शोधण्यासाठी तिचा अभ्यास विशेषतः जपानमध्ये झाला आहे. साध्या प्रकाशात निसटलेल्या काही गाठी तिच्यामुळे दिसल्या आहेत. तथापि, सर्वच गाठी चमकत नाहीत आणि औषध घेतल्यानंतर काही काळ रुग्णाला तीव्र प्रकाशापासून दूर राहावे लागते. त्यामुळे ही पद्धत अद्याप नित्याच्या वापरात नाही.

मर्यादा

दुर्बीण अवयवांचा पृष्ठभाग दाखविते. त्यांच्या आत काय आहे ते नाही. यकृताच्या अंतर्भागातील किंवा पाठीच्या कण्याजवळच्या ग्रंथींतील प्रसारासाठी स्कॅनवरच अवलंबून राहावे लागते. पूर्वीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी एकमेकांना चिकटली असतील, तर पाहणी अपुरी राहते. सलाइनच्या तपासणीतही पेशी निसटू शकतात. पाहणी निर्दोष ठरलेल्या काही रुग्णांमध्येही पुढे उदरावरणावर रोग उद्भवतो, याचे हे एक कारण आहे. याशिवाय भूल, रक्तस्राव व अवयवाला इजा होण्याचा अल्प धोका असतो आणि एका अधिक प्रक्रियेचा खर्चही असतो. अनुभवी विकृतितज्ज्ञ उपलब्ध नसलेल्या ठिकाणी द्रवातील पेशींची तपासणी विश्वासार्ह ठरत नाही.

रुग्ण व कुटुंबीयांसाठी

जठराच्या कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाने व कुटुंबीयांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी काही बाबी डॉक्टरांकडून समजून घेणे हिताचे असते. रोग भिंतीच्या किती थरांत गेला आहे, दुर्बीण-पाहणीची गरज आहे का, ती केमोथेरपीच्या आधी होणार की मुख्य शस्त्रक्रियेच्या वेळीच, सलाइनमधील पेशींची तपासणी होणार आहे का आणि प्रसार आढळल्यास पुढील योजना काय असेल, हे त्यातील मुख्य प्रश्न होत. मुख्य शस्त्रक्रियेच्या वेळीच पाहणी होणार असेल, तर रुग्ण शुद्धीवर आल्यानंतर जठर न काढल्याचे त्याला कळण्याची शक्यता असते. ही शक्यता त्याला आधीच सांगितलेली असणे आवश्यक आहे.

प्रसार आढळून शस्त्रक्रिया टळली, याचा अर्थ उपचार संपले असा होत नाही. पाहणीत घेतलेल्या तुकड्यावर काही विशिष्ट प्रथिनांच्या चाचण्या करून केमोथेरपीसोबत लक्ष्यवेधी किंवा प्रतिकारशक्तीवर आधारित औषधे देता येतील का, हे ठरविता येते. अन्नमार्ग अडल्यास तो मोकळा ठेवणे, पोटात साचलेले पाणी काढणे, वेदनाशमन व पोषण हे उपचारही सुरू राहतात. केमोथेरपीला उत्तम प्रतिसाद देणाऱ्या निवडक रुग्णांमध्ये पुन्हा दुर्बीण-पाहणी करून शस्त्रक्रियेचा नव्याने विचार केला जातो.